बडोद्यात कोडिंगसाठी लॅपटॉप घेताय? जे नंतर बदलता येत नाही, ते आधी बघा

निकाल लागले, प्रवेश पक्के झाले की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत एकच विषय सुरू होतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? नंदुरबार, नवापूर, शहादा, धुळे इकडची मुलं शिकायला आणि नोकरीला सुरतेला, बडोद्याला जातात. ही वाट जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं, तिथे दादासाहेब फाळकेही शिकले. त्याच कलाभवनातून पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली. आज त्या वाटेने निघालेल्या मुलाच्या सामानात लॅपटॉप असावाच लागतो. मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, बीसीए, एमसीए करणार असेल, किंवा सॉफ्टवेअरच्या नोकरीची तयारी करत असेल, तर घरातली ती त्या वर्षाची मोठी खरेदी ठरते.

दुकानात गेल्यावर मात्र चर्चा भलतीकडे जाते. लाल-हिरवे दिवे लागणारा कीबोर्ड, गेमिंगचं स्टिकर, सोबत फुकट मिळणारी बॅग आणि ईएमआयचा हप्ता. वर्षभराने कळतं की मशीन अडखळतंय आणि त्यात मेमरी वाढवायची सोयच नाही. म्हणून सॉफ्टवेअरच्या कामासाठी लॅपटॉप घेताना एक साधा नियम धरावा. जे नंतर बदलता येत नाही, ते आधी तपासायचं. जे नंतर वाढवता येतं, त्यावर आज जास्त पैसे घालायचे नाहीत. हा नियम मशीनला लागू आहे, तसाच बिलालाही.

आधी काम ठरवा, मग कंपनी

‘कोडिंगसाठी लॅपटॉप’ असा एक प्रकार नसतो. काम बदललं की गरज बदलते.

सी, सी प्लस प्लस, पायथन, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी: पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा बहुतेक अभ्यास यात येतो. याला ८ जीबी मेमरीवरही भागतं. एडिटर आणि ब्राउझरच्या वीस टॅब एकदम उघड्या ठेवल्या तर मात्र ती कमी पडायला लागते.

जावाची मोठी प्रोजेक्ट, डेटाबेस, डॉकर: इथे १६ जीबी ही सुरुवात समजावी. विंडोजवर डॉकर बहुतेक वेळा डब्ल्यूएसएल २ वर चालतो आणि ती व्यवस्था ठरवून मर्यादा घातली नाही तर मशीनची अर्धी मेमरी स्वतःकडे घेऊ शकते. ८ जीबीच्या मशीनमध्ये मग उरतं काय?

अँड्रॉइड ॲप: अँड्रॉइड स्टुडिओसोबत एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन चालवायचा तर १६ जीबी हवीच. मेमरी कमी असेल तर एक जुनी युक्ती आहे. आपला खरा फोन केबलने जोडावा आणि ॲप त्यावरच तपासावं. एम्युलेटरचा भार वाचतो.

आयफोनसाठी ॲप: त्याला लागणारा एक्सकोड फक्त ॲपलच्या मॅकवर चालतो. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये कोड विंडोजवर लिहिता येतो, पण आयफोनसाठी शेवटचं ॲप तयार करायला मॅक लागतोच.

मशीन लर्निंग: एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर कुडा वापरता येतं. पण शिकण्याच्या काळात गुगल कोलॅबसारखी ऑनलाइन सोय पुरते.

कारखान्यांसाठीचं एम्बेडेड काम: बडोद्याच्या आसपास इंजिनीअरिंगचे उद्योग बरेच आहेत, त्यामुळे हे कामही इथे भेटतं. बोर्ड, प्रोग्रामर, मीटर जोडायचे असतात. इथे प्रोसेसरपेक्षा यूएसबी पोर्ट किती आहेत आणि लॅनचा पोर्ट आहे का, हे आधी बघावं. या क्षेत्रातली बरीच सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात.

कॉलेजचा अभ्यासक्रम किंवा नोकरीची जाहिरात समोर ठेवून यातलं आपलं काम कोणतं, ते कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी.

मेमरी म्हणजे काउंटर, एसएसडी म्हणजे गोदाम

किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. रॅम म्हणजे दुकानाचं काउंटर, एसएसडी म्हणजे मागचं गोदाम. गिऱ्हाइकाला द्यायचा माल काउंटरवर असेल तर काम झटपट होतं. काउंटर लहान असेल तर नोकराला दर वेळी गोदामात पळावं लागतं. लॅपटॉपची रॅम भरली की तो एसएसडीचा काही भाग रॅमसारखा वापरायला लागतो. एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमपेक्षा खूप हळू. म्हणूनच प्रोसेसर नवाकोरा असूनही मशीन अडकतं.

आजच्या घडीला सॉफ्टवेअरच्या कामासाठी १६ जीबी धरून चालावं. पण त्याहून मोठा प्रश्न आहे, ती रॅम वाढवता येते का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच चिकटवलेली असते. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर ५’ किंवा ‘एलपीडीडीआर ५ एक्स’ असं लिहिलेलं असेल तर ती साधारणपणे चिकटवलेलीच असते. अशा मशीनमध्ये ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच. काही मॉडेलमध्ये अर्धी चिकटवलेली आणि एक स्लॉट रिकामा असतो. काहींत दोन्ही स्लॉट उघडता येतात.

हे दुकानातच कळू शकतं. चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ बघावं. ‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीत दोनपैकी एक वापरात असं दिसलं तर सहसा वाढवायला जागा आहे. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडीआयएमएम’ असेल तर काढता-घालता येणारी पट्टी, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर चिकटवलेली. खात्रीसाठी खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून माहितीपत्रक वाचावं. एकाच नावाने पाच-सहा प्रकार विकले जातात, त्यामुळे नुसतं मालिकेचं नाव पुरत नाही.

गोदाम किती मोठं?

५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी ही ठीक निवड आहे. २५६ जीबी विंडोज, अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर आणि डॉकरच्या फायलींनी लवकर भरते. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी नंतर बदलता येते, म्हणून १ टीबीसाठी आजच जास्त पैसे देण्याची घाई नको.

एक गैरसमज इथेच मिटवावा. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलं असं नाही. कंपनी १,००० च्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं.

प्रोसेसर: मोठा आकडा म्हणजे नवा नव्हे

प्रोसेसर नंतर बदलता येत नाही, म्हणून तो नीट बघायचा. पण ‘आय ७ म्हणजे भारी, आय ५ म्हणजे हलका’ एवढ्यावर निर्णय घेऊ नये. जुन्या पिढीच्या आय ७ पेक्षा नव्या पिढीचा आय ५ पुष्कळदा पुढे असतो. इंटेलच्या नंबराच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो कमी वीज खाणारा, बॅटरी टिकवणारा. ‘एच’ असेल तर जास्त ताकदीचा, पण जास्त तापणारा. कॉलेजला नेण्यासाठी ‘यू’ पुरतो. दिवसभर मोठी प्रोजेक्ट बिल्ड करायची असतील तर ‘एच’.

एएमडीच्या रायझनमध्ये एक फसगत होते. ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतली रचना किती जुनी आहे ते सांगतो. रायझन ५ ७५२० यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९ पासूनची. ७५३० यू मध्ये तो ३ आहे, ७६४० यू मध्ये ४. बाहेरून तिघंही ‘रायझन ५, ७००० सिरीज’ म्हणूनच विकले जातात.

इंटेलच्या ‘एन’ मालिकेतले स्वस्त प्रोसेसर आणि सेलेरॉन टायपिंग, ऑनलाइन क्लास यासाठी ठीक. सॉफ्टवेअरच्या कामाला ते घेऊ नयेत.

स्क्रीन आणि कीबोर्ड

कोड लिहिणारा माणूस दिवसाचे सहा-आठ तास स्क्रीनकडे बघतो. १९२० गुणिले १०८० पेक्षा कमी रेझोल्यूशन घेऊ नये. १३६६ गुणिले ७६८ चे पॅनल अजून स्वस्त मशीनमध्ये दिसतात, त्यांवर कोडच्या ओळी फार थोड्या मावतात. १९२० गुणिले १२०० चा पॅनल मिळाला तर उत्तम, उंची जास्त असल्याने दोन-चार ओळी जास्त दिसतात. पॅनल आयपीएस आहे ना, ते विचारावं. बाजूने बघितल्यावर रंग उडत असतील तर तो साधा पॅनल.

कीबोर्डवर पाच मिनिटं टाइप करून बघावं. महिरपी कंस, अर्धविराम, होम, एंड ही बटणं कोडिंगमध्ये सतत लागतात. ती कुठे आहेत, दोन बटणं मिळून दाबावी लागतात का, ते बघावं. सुरत-भुसावळ लाइनने दर पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या मुलाने वजनही हातात घेऊन पाहावं, चार्जरसकट. यूएसबी-सी वरून चार्ज होणारं मशीन असेल तर चार्जर बिघडल्यावर दुसरा पटकन मिळतो.

पैसे कमी पडत असतील तर काय सोडावं?

सोडण्याचा क्रम असा ठेवावा. आधी वेगळं ग्राफिक्स कार्ड सोडा. वेब, जावा, ॲप यांना ते लागत नाही, उलट वजन वाढतं आणि बॅटरी लवकर संपते. मग आय ७ वरून आय ५ वर या. मग १ टीबीवरून ५१२ जीबीवर या. तरीही बसत नसेल तर रिकामा स्लॉट असलेलं ८ जीबीचं मशीन घ्या आणि पुढच्या वर्षी दुसरी पट्टी टाका. चिकटवलेल्या ८ जीबीचं मशीन कितीही सवलतीत मिळालं तरी या कामासाठी घेऊ नका.

मॅकबुकमध्ये रॅम वाढवता येत नाही, त्यामुळे जेवढी पुढे लागेल तेवढी पहिल्याच दिवशी घ्यावी लागते. बॅटरी आणि वेग चांगले आहेत, पण कॉलेजचं किंवा कारखान्याचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं का, ते आधी विचारावं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ असेल तर रोखीचा भाव, हप्त्यांची एकूण बेरीज आणि प्रोसेसिंग फी हे तीन आकडे एकाखाली एक लिहून घ्यावेत. खरी किंमत तिथे दिसते.

जुना लॅपटॉप घेताना

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप चांगले मिळू शकतात. त्यांचा कीबोर्ड दणकट असतो आणि पुष्कळ मॉडेलमध्ये रॅमही बदलता येते. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, सोबत टीपीएम २.० हवं. त्याआधीचं मशीन घ्यायचं असेल तर लिनक्स टाकण्याची तयारी ठेवूनच घ्यावं. उबुंटूवर वेब, पायथन, जावा हे सगळं नीट चालतं.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. विंडोजच्या कमांड खिडकीतून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात मूळ क्षमता ५०,००० आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता ३०,००० दिसली, तर बॅटरीचं ६० टक्केच बळ उरलंय. नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करून मागावा. बायोसला पासवर्ड आहे का आणि विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या कंपनीचा लॉगिन मागितला जातो का, हे समोर तपासून घ्यावं. बिल नसेल तर व्यवहार करू नये.

बिल गुजरातचं, राहणं महाराष्ट्रात

नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये आहे, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. जीएसटीच्या बिलात मात्र राज्य कोणतं, याला महत्त्व आहे.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा मूळ किंमत ५०,००० रुपये. त्यावर ९,००० कर, बिल ५९,००० रुपये. बडोद्यातल्या दुकानात ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के गुजरातचा लागेल, म्हणजे ४,५०० अधिक ४,५००. दुसऱ्या राज्यात पाठवला तर १८ टक्के आयजीएसटी लागेल. साध्या ग्राहकाला बेरीज तीच पडते. ‘गुजरातमध्ये कर कमी’ ही समजूत चुकीची आहे. भावात फरक पडतो तो दुकानदाराच्या सवलतीमुळे.

फ्रीलान्स काम करणाऱ्या आणि महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी असलेल्यांनी मात्र इथे थांबावं. बडोद्याच्या काउंटरवरून माल हातात घेतला आणि बिलात गुजरातचा कर लागला, तर महाराष्ट्राच्या नोंदणीवर त्या ९,००० रुपयांचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. दुकानदाराने आपल्या जीएसटी नंबरवर बिल करून माल महाराष्ट्रातल्या पत्त्यावर पाठवला आणि आयजीएसटी लावला, तर नियमाप्रमाणे क्रेडिट घेता येतं. बिल बनण्याआधी हे सांगावं. नंतर बदलून घेताना दोन्हीकडचा वेळ जातो.

धंद्याचं हिशेबपुस्तक ठेवणाऱ्यांना प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. क्रेडिट न घेतलेल्या ५९,००० च्या मशीनवर पहिल्या वर्षी २३,६०० रुपये, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ३५,४०० वर १४,१६० रुपये. खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे ११,८००. कराच्या रकमेचं क्रेडिट घेतलं असेल तर त्या रकमेवर घसारा मिळत नाही.

वॉरंटी आणि तक्रार कुठे?

वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे बडोद्यात घेतलेलं मशीन महाराष्ट्रातल्या अधिकृत केंद्रातही दाखवता येतं. पण ‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस घरी येणार, ही सोय पिनकोडवर ठरते. आपल्या गावाचा पिनकोड कंपनीच्या कस्टमर केअरला सांगून आधीच विचारावं. सीरियल नंबर खोक्यावर, मशीनच्या खाली आणि बिलावर एकच आहे ना, ते बघावं. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली तेही दुकानातच तपासावं. तारीख मागची दिसत असेल तर बिल दाखवून दुरुस्त करून घ्यावी.

वाद झालाच तर बडोद्याला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाराही या कायद्याने ग्राहकच धरला जातो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून बघावा.

पाणी, ऊन आणि कोड

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरलं. अशा वेळी लॅपटॉप वाचेलच असं नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलाने त्याचा विचार करावा. मशीन पुन्हा विकत मिळतं, वर्षभराचा प्रोजेक्ट मिळत नाही. कोड रोजच्या रोज गिटहबसारख्या ऑनलाइन रिपॉझिटरीत पुश करायची सवय पहिल्या आठवड्यातच लावावी. ती फुकट आहे.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गादीवर ठेवून काम करू नये. हवेची जाळी बंद होते, मशीन तापतं आणि स्वतःहून वेग कमी करतं.

दुकानातून निघण्याआधी

१. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि माहितीपत्रक जुळतंय का?
२. रॅम १६ जीबी आहे का? नसेल तर रिकामा स्लॉट टास्क मॅनेजरमध्ये दिसला का?
३. स्क्रीनवर मेलेला ठिपका नाही ना? पांढरा आणि काळा पडदा लावून बघितला का?
४. सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, वायफाय चालू आहेत का?
५. विंडोज मूळ परवान्याचं आहे की दुकानदाराने टाकलेलं? सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसतंय का?
६. बिलावर नाव, पत्ता, सीरियल नंबर आणि लागत असेल तर जीएसटी नंबर बरोबर आहे का?
७. वॉरंटीची तारीख साइटवर आजचीच आहे का?

या सात गोष्टींना अर्धा तास लागतो. घाई करणाऱ्या दुकानदाराला ‘थांबा, बघून घेतो’ म्हणायला संकोच करू नये. पैसे दिल्यावर यातल्या निम्म्या गोष्टी बदलता येत नाहीत.